चौथा ठिपका

आई, गेल्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या नव्या पत्र्याला छिन्नीने भोक पाडलं. तुझी सून, जिला तू कधी पाहिलं नाहीस, खाली परात धरून उभी होती, लोखंडाचा चुरा पिठात पडू नये म्हणून. ती एवढंच म्हणाली, "दोन वर्सं रविवार इकून पत्रा आणला, आन् आता त्यालाच भोक." भोक कुठे पाडायचं ते मला मोजावं लागलं नाही. तिथे पूर्वी तुझं फुटकं कौल होतं.

त्या कौलातून कवडसा यायचा आणि सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू चालत जायचा. त्याच्या वाटेवर तू चुन्याचे चार ठिपके काढले होतेस. ऋतू बदलला की ते सरकवायचीस. पहिल्यावर ऊन आलं की रानात भाकरी न्यायची, दुसऱ्यावर पाणी भरायचं, तिसऱ्यावर दळण निवडायचं. चौथा ठिपका खांबाजवळ होता. कवडसा तिथे पोचला की हातातलं काम टाकून तू त्याच्या शेजारी बसायचीस, दोन्ही हात मांडीत, तो ठिपक्यावरून पुढे जाईपर्यंत. काय करतीस, असं मी एकदा विचारलं होतं. "काय न्हाई. देवानं आख्खा दिस दिला, त्यातला एवढा तुकडा न वापरता त्याला माघारी द्यायचा."

सोळाव्या वर्षी मी गावची शाळा संपवून शहाणा झालो होतो. चाकणच्या व्यापाऱ्याच्या बियाण्याच्या शेंगा बाया घरी आणून फोडायच्या, मापावर पैसे मिळायचे. एका दुपारी तू तशी बसलेली असताना मी म्हणालो, "नुसती बसतीस, एवढ्या येळात शेरभर शेंगा फुटल्या असत्या." तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "व्हय की." दुसऱ्या दिवशी सारवताना चौथा ठिपका पुसून टाकलास, आणि त्या जागी शेंगांची पाटी आली. तुझ्या अंगठ्यांना चिरा पडल्या. दिवाळीला मला नव्या वहाणा मिळाल्या, करकर वाजणाऱ्या. मी त्या घालून गावभर हिंडलो. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस, दुपारच्या वेळी, त्याच खांबाला टेकून, पाटी मांडीवर.

आता पिंपरीला कारखाना निघाला आहे. मी चिखलीहून सायकलने पाळीवर जातो. रविवारी जादा काम केलं की पैसे जास्त मिळतात, म्हणून दोन वर्षं एकही रविवार घरी काढला नाही. त्या पैशांतून कौलं उतरवून पत्रे घातले. कवडसा बंद झाला, स्वयंपाकघर दिवसाही अंधारं झालं. महिनाभरातच तुझ्या सुनेनं विचारलं, "अवो, दुपारी आपल्यात शेंगा कोन फोडतं?" पत्रा तापला की वाजतो, असं मी सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण श्रावणात मी तापाने घरी पडून होतो. आभाळ भरलेलं, पत्रा गार. तरी दुपारी आतून आवाज येऊ लागला. टच. थोडं थांबून पुन्हा टच, आणि प्रत्येकामागून पाटीत दाणे पडावेत तसा बारीक आवाज. पत्र्यात दाणे कुठून येणार? मी रामाचं नाव घेत भिंत धरून आत गेलो.

तुझी सून खांबाला टेकून बसली होती. समोर पाटी नव्हती, हात रिकामे होते, पण दोन्ही अंगठे बोटांवर दाबले जात होते, सुटत होते, दाबले जात होते. मी हाक मारल्यावर ते थांबले. आवाजही थांबला. "काम तर काय केलं न्हाई," ती म्हणाली, "तरी रोज हितं आलं की अंगठे ठणकत्यात." तुझ्या पाटीबद्दल, त्या जागेबद्दल मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. तिचे अंगठे हातात घेऊन पाहिले. नखांच्या कडेला बारीक चिरा होत्या.

ताप उतरल्यावर पिंपरीतल्या काचवाल्या चाचांकडून वीतभर काच आणली. ते हसून म्हणाले, "भाऊ, लोक भोकं बुजवायला येतात माझ्याकडं." मग गेल्या रविवारी कामावर न जाता ती काच भोकावर डांबराने बसवली. दुपारी कवडसा आला. जमिनीवर आता ठिपका नाही, पण खांबाजवळ पोचल्यावर तो कुठे येतो ते मला ठाऊक होतं. मी तिला बोलावलं, शेजारी बसवलं. तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. वहाणांचंही. ती ऐकत राहिली, हात मांडीत ठेवून. पत्रा चांगलाच तापला होता, तरी एकदाही वाजला नाही. खरं सांगायचं तर माझ्याच्याने बसवेना. दोनदा हात काहीतरी करायला उचलला गेला आणि दोनदा मी तो खाली ठेवला.

हे पत्र कुठे पाठवणार? देवाच्या कोनाड्यात, पोथीखाली ठेवतो आहे. काल मुकादमाला सांगून रविवारच्या यादीतून नाव काढून आलो. तो म्हणाला, "राव, पैसे चावतात का तुमाला? काय असतं घरी एवढं?"

घरी काम असतं, असं मी सांगितलं. नुसता बसणार आहे, हे अजून तोंडातून निघालं नाही.