बुडाशी लागलेली माती

३ फेब्रुवारी

आणला एकदाचा! टॅक्सीत मांडीवर डबा, डब्यात कापूस, कापसात तो. ड्रायव्हरला दहा वेळा सांगितलं, सावकाश घ्या. त्याला वाटलं असेल, बाई अंडी घेऊन चालल्यात.

काकांनी त्यांचा गुलाबी शेंड्याचा टूर्मलिन आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता. पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनासाठी तो मी साफ करून द्यायचा आहे, बुडाची माती तेवढी सोडून. पांढऱ्या खडकावर ताठ उभा स्फटिक, बोटाएवढा, खाली गर्द हिरवा आणि वर शेंड्याला गुलाबी. मधे नेमका कुठे रंग बदलतो, ते इतकी वर्षं बघूनही मला सांगता येत नाही. काकू दारात म्हणाल्या, लेकीची पाठवणी करताना हे एवढे हळवे झाले नव्हते. काका हसले नाहीत. "नीट," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर नवरोबांनी विचारलं, आता पाहुण्यासमोर मोठ्याने शिंकलेलं चालेल ना?

५ फेब्रुवारी

दुकानात शुकशुकाट. चष्म्यांच्या फ्रेमा पुसून झाल्या, मग काउंटरवरच भिंग घेऊन बसले त्याच्यासमोर. काय देखणा आहे!

काका म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखाना केव्हाच बंद केला. दगड जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळात सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, मी एकटी काका म्हणते. माझ्याकडे वाचायचा चष्मा करायला आले होते, आणि बिलं उडू नयेत म्हणून मी ठेवलेला काळा दगड हातात घेऊन उभेच राहिले. टूर्मलिन आहे हा, म्हणाले, आणि तुम्ही त्याला बिलांवर बसवलंय! तिथून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. स्फटिकाच्या अंगावरच्या उभ्या रेघा बघायला त्यांनी शिकवलं. टूर्मलिन गरम झाला की धूळ ओढून घेतो, म्हणून कपाटात तापणारा दिवा लावायचा नाही, धूळ पावडरच्या ब्रशने झटकायची, हेही त्यांचंच. आणि सगळ्यात वरचा नियम — खडकावरून सुटलेला स्फटिक पुन्हा चिकटवला असेल, तर दगडासोबतच्या चिठ्ठीवर 'जोड' असं स्वच्छ लिहायचं. जो लपवेल त्याच्याशी देणंघेणं बंद.

६ फेब्रुवारी

खडकाच्या पाठीला कुठल्यातरी जुन्या लेबलचा डिंक राहिलाय. कापसाच्या बोळ्याने हळूहळू पुसायला हवा. कोण बसतंय! अख्खा डिंक विरघळवणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवला आणि बरणीला झाकण लावलं. उद्या बघू.

७ फेब्रुवारी

आडवा पडलाय.

७ फेब्रुवारी, दुपारी

दुकान उघडलंच नाही.

आधी वाटलं, माझ्या हातून मोडला. मग भिंगाखाली धरला. त्याच्या बुडाशी थोडी तांबडी माती असायची. ती माती नव्हतीच, गोंदात कालवलेली माती! आता बरणीच्या तळाशी तिचा गाळ झालाय. आणि स्फटिकाचं बूड मोडलेलं नाही, कापलेलं आहे. करवतीने, सपाट. खडकावरची जागाही तशीच घासून सपाट केलेली. म्हणजे हा खडक ह्याचा नाहीच. कुठला तरी सुटा स्फटिक, कुठला तरी खडक, आणि कुणीतरी दोघांचं लग्न लावून दिलंय.

कुणीतरी? जन्मभर दातांवर टोप्या बसवणारा माणूस. सांधा जिभेलासुद्धा लागू नये असा हात. मागच्या खोलीत खडक कापायची करवत आहे, मी स्वतः चालवलीय. आणि आम्हाला नियम शिकवत होते!

९ फेब्रुवारी

नवरोबा म्हणतात, आधी त्यांच्या घरी जा, त्यांना एकट्याला विचार. आयुष्यात एवढा शहाणा सल्ला त्यांनी दिला नसेल. माझ्या डोक्यात राख गेलेली. फसवलं सगळ्यांना, मग सगळ्यांसमोरच विचारते, म्हटलं.

११ फेब्रुवारी

आज मंडळाची बैठक. झेरॉक्सच्या दुकानावरची नेहमीची खोली. चहा यायच्या आधीच मी डबा उघडला आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. म्हटलं, काका, चिठ्ठीवर 'जोड' लिहायचं राहिलं का?

काकांनी भिंग काढलं, स्फटिक उलटा धरला. खूप वेळ बघत होते. मग खडक. मग पुन्हा स्फटिक.

"खरंच की," म्हणाले.

बस, एवढंच. ना खुलासा, ना राग. कंत्राटदार म्हणजे आमच्यातला सगळ्यात आगाऊ माणूस. तो म्हणाला, डॉक्टरांनी कवळी बसवली! तीन-चार जण हसले. मीही हसले बहुतेक. काकांनी दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळले, खिशात ठेवले आणि जिना उतरून गेले. रेलिंगला धरून, एकेक पायरी.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. चहा तसाच ठेवून निघाले.

१२ फेब्रुवारी

कंत्राटदाराचा फोन. त्याला म्हणे पहिल्यापासून संशय होता. मेल्याला हिरवा टूर्मलिन आणि बाटलीची काच ह्यातला फरक कळत नाही!

२० फेब्रुवारी

काकांनी प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. फोन काकू उचलतात, आणि ते झोपलेत असं सांगतात. भर सकाळी!

२ मार्च

काकू दुकानात आल्या. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाल्या. ठणठणीत होती दांडी. तरी मी स्क्रू पिळत बसले, मान वर करायला नको म्हणून.

"त्यांना माहीत नव्हतं गं," काकू म्हणाल्या.

स्क्रू खाली पडला.

खाणीतून आलेल्या एका माणसाकडून काकांनी तो घेतला, तेव्हा बुडाशी माती होती. थेट जमिनीतून निघाल्याची खूण! म्हणून काकांनी ती कधी धुतली नाही, कुणाला धुऊ दिली नाही. दुसऱ्या कुणाचा दगड असता, तर पहिल्यांदा त्यांनी माती काढून बूड बघितलं असतं. स्वतःच्या दगडाची मातीच त्यांना जन्माचा दाखला वाटली. आणि मला माती बघून कधी शंका आली? मीही तर तिला मानच देत होते.

आता ते कपाटातला एकेक दगड काढतात, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवतात आणि समोर बसून राहतात. सुटतोय का बघत. जेवायलासुद्धा उठत नाहीत. आजवर एकही सुटलेला नाही, पण सुटला नाही म्हणून आनंद होतोय म्हणाल तर तसंही नाही. काकू हे सांगताना रडल्या नाहीत. मीच रडले, गिऱ्हाइकासमोर.

काय करून बसले मी! अर्ध्या तासाचं काम होतं. त्यांच्या घरी जायचं, डबा उघडायचा, काका हे बघा, म्हणायचं.

३ मार्च

गेले त्यांच्याकडे. दार काकांनीच उघडलं. "ये," म्हणाले, नेहमीसारखं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरभर अ‍ॅसिटोनचा वास. टेबलावर बरण्यांची रांग, प्रत्येकीत एकेक दगड. तपासलेले दगड वर्तमानपत्रावर पडलेले. कपाटात परत ठेवायचंही त्यांच्या मनात नव्हतं.

मी म्हटलं, काका, चुकलं माझं. मी तुम्हाला खोटारडं ठरवलं. ते बरणीकडेच बघत होते.

"त्याचं काही नाही," म्हणाले. "खोटारडा नाही हे मला माहीत आहे. पण आंधळा निघालो ना."

शेजारी खुर्ची ओढून बसले. दोघं बरणी बघत राहिलो.

९ मार्च

दुकान बंद करून रोज जाते. त्यांनी दगड बुडवायचा, मी काढून पुसायचा. फारसं बोलत नाहीत. आज मात्र एका पिवळट टूर्मलिनवरची रेघ दाखवायला त्यांनी मला भिंग दिलं. स्वतःहून! मंडळात मी सगळ्यांसमोर सांगितलं, की काकांची फसवणूक झाली होती, आणि त्यांना न विचारता मी बोलले. कंत्राटदार छताकडे बघत होता. माझा अपराध तेवढ्याने धुतला जात नाही, ठाऊक आहे.

१६ मार्च

सगळे झाले. सगळे अखंड! राहिला फक्त एक, मी काकांच्या पंचाहत्तरीला दिलेला. निळसर हिरव्या दोन स्फटिकांची जोडी, एकाच खडकावर उभी. त्यांना न विचारता, माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवून निवडलेला पहिला दगड. तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवला होता, माझ्या विद्यार्थिनीने आणलाय म्हणून. त्याला बुडवायची गरज नाही म्हणत होते. मीच म्हटलं, बुडवा, होऊन जाऊ दे. मी तो नीट पारखून घेतलाय. त्यांनी माझ्यादेखत बरणीत सोडला.

१७ मार्च

दुकानात आज गर्दी होती, पोचायला उशीर झाला. बरणी धुऊन पालथी घातलेली. कपाट पुन्हा भरलेलं, सगळे आपापल्या जागी, आणि मधल्या फळीवर माझा. काका कितीतरी दिवसांनी दाढी करून बसले होते. म्हणाले, "तुझा अगदी अखंड निघाला. तुझा डोळा चांगला आहे."

काकू उठून आत गेल्या.

मी तो उचलला. अंगठा बुडाशी चिकटला. गोंद अजून ओला होता. सुटला होता तर माझा!

होता तसाच परत ठेवला. अंगठा ओढणीला पुसला आणि म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत, काका."