बंद करायला गेले होते

मंगळवार, अकरा तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीने पाठवलेली शाल पोचली, छान उबदार आहे. इकडे सगळं ठीक. म्हणजे ठीकच म्हणायचं.

तू सांगितल्याप्रमाणे लघुउद्योग मदत केंद्रात जाऊन आले. आपला ब्रशचा कारखाना बंद करायचा तर काय काय करावं लागतं, ते विचारायला. सल्ला फुकट असतो रे, पण डोकं पार गरगरलं.

पहिल्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "मालक कोण?"

म्हटलं, "दादा."

"मग तुम्ही कामगार?"

"छे, मला कुठला पगार!"

"भागीदार?"

"तसं कुणी कधी म्हटलं नाही बाई."

"मग तुम्ही आहात तरी कोण?"

"बहीण," म्हटलं. मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हसावं की रडावं कळेना. बाटल्या धुवायच्या ब्रशांच्या तारा पिळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, दादा.

बाईंनी शेजारच्या साहेबांकडे पाठवलं. त्यांनी सहज विचारलं, ब्रश बनवता कसे? झालं, मी सुटलेच! तारेला पीळ किती द्यायचा, दवाखान्याला मऊ केस का लागतात, दूधवाल्यांना राठ का. साहेबांचा चहा निवला. मग म्हणाले, "हे टेबल नवा धंदा सुरू करणाऱ्यांचं आहे."

मी कपाळावर हात मारला. "अहो, मी बंद करायला आलेय!"

"ते दादा बघतील. तुम्हाला काय करायचंय?"

असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तशीच उठून घरी आले.

तेव्हापासून काही सुचत नाही. एकटीला जमेल का? गिऱ्हाईकं तुझ्या नावावर येतात. रात्री वाटतं बंदच करावं, सकाळी हात आपसूक तारेकडे जातात. तुझ्यावर राग नाही. नाही कसा, आहे! बंद करायचं तू ठरवलंस आणि मला नुसतं कळवलंस.

तारा पिळायचं यंत्र न्यायला पुढच्या गुरुवारी माणूस येणार आहे ना? पाठवू नकोस. पाठवलासच, तर मी दार उघडणार नाही. लिहिलंय ते खोडत नाही.

उत्तर तू स्वतः लिही, भाच्याकडून निरोप नको.

तुझीच,
आतून कडी लावून बसलेली
धाकटी