तळाला चार अंश

४ मार्च
दूध केंद्राच्या टाकीतलं सगळं दूध नासलं! झाकण उघडलं तर आंबूस वास. तापमानाचा काटा मात्र सकाळी आलो तेव्हा चार अंशांवर – मीच वहीत लिहिलंय. साहेबांनी विचारलं, शेवटी कुणाचे कॅन ओतले? मावशीचे. तिचेच कॅन घाण असणार म्हणाले. तिचं दूध बंद.

५ मार्च
मावशी दारात उभी. सख्खी नव्हे, साऱ्या केंद्राची मावशी. घरी दोन गाई, बाकी कुणी नाही. साहेबांनी आत घेतलं नाही. माझ्यापुढे कॅन धरून म्हणाली, "तू तरी हुंगून बघ."
कॅन लख्ख होते. मी मान खाली घातली.

६ मार्च
जेवण गेलं नाही.

७ मार्च
इथे तरी खरं लिहितो. टाकीत दूध ढवळणारा पंखा घरघरतो, म्हणून देवाचं नाव घ्यायला बसताना रोज दहा मिनिटं बंद करतो. रविवारी मन असं लागलं की उठलो तो थेट घरी. सकाळी येऊन आधी काटा वहीत लिहिला, मग गुपचूप पंखा चालू केला. पण काटा चारावर होता ना! मग दूध पंख्यामुळे कसं नासेल?

८ मार्च
बायकोने अंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं. म्हटलं, ढवळ की, लवकर तापेल. हसली. "खालून आच आहे. तापलेलं हलकं होतं, आपणच वर येतं. गार खाली जातं. जन्म दुधात गेला, आणि हे ठाऊक नाही?"
तिथेच बसलो. आमच्या टाकीला थंडी खालून. गार दूध जड, ते तळ सोडणार नाही. कोमट हलकं, ते वरच राहणार. पंख्याशिवाय दोघांची गाठ नाही. आणि काट्याचं तापमान मोजणारं टोक तळाशी!

९ मार्च
टाकी धुतल्यावर पाणी भरलं. पंखा न लावता दोन तास गार केलं. तळाला चार. वर सत्तावीस.
देवाचं नाव घेताना हे झालं, असं मनात आलं. लगेच लाज वाटली. विसरलो मी, त्याच्यावर कशाला ढकलू?

१० मार्च
रविवार. साहेब घरी. उद्या सांगेन. (त्यांचं घर पलीकडच्याच गल्लीत आहे.)

११ मार्च
सांगितलं. साहेब म्हणाले, "आठवडाभर तोंडात काय गुळणी धरली होतीस?" मावशीला उद्यापासून दूध घेऊन ये म्हणून सांग, म्हणाले. सायकल काढली.

संध्याकाळी
गोठा झाडून ठेवलेला. मावशीने दोन्ही गाई काल विकल्या.