कुशीतली भेग

२२ मार्च, बुधवार
आला एकदाचा! चौघांनी उचलून आणला. कामाच्या खोलीत आता बाबांची खाट आहे, त्यामुळे दार अर्धंच उघडतं — आडवा करून, आधी पाय, मग हात, असा आत घ्यावा लागला. क्रूस चर्चच्या भिंतीवरच राहिलाय. आलाय तो नुसता लाकडी ख्रिस्त, हात पसरलेला, माणसाएवढा. बाबांच्या खाटेशेजारच्या टेबलावर निजवलाय. फादर म्हणाले, "गुड फ्रायडेला हवा हं, बाई. भेगा बुजवून, नवा रंग देऊन." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

२४ मार्च
बाबांचं दुखणं हाडांत उतरलंय. डॉक्टर म्हणतात, आता फक्त आराम द्या. आराम! चादर बदलली तरी ओरडतात. सगळा जन्म चर्चचं लाकूडकाम केलं, मला हा धंदा शिकवला, आणि आता फादर प्रार्थनेला आले की बाबा म्हणतात, "तो वर बसलाय, त्याला काय कळतंय दुखणं! ज्याचं जळतं त्यालाच कळतं." फादर बिचारे चहा पिऊन गेले.

बाबा वाचणार नाहीत, हे मी मान्य केलंय. पण असं चिडून जाऊ नये त्यांनी. एवढंच मागते.

२८ मार्च
आज ख्रिस्त पालथा घातला. पाठ बघितली आणि हातातला पॉलिश पेपर तसाच राहिला. फटक्यांचे वळ कोरलेत पाठीवर — एकेक, फाटलेल्या कातडीसकट! भिंतीला टेकणारी पाठ ही. कोण बघणार होतं? तरी कोरणाऱ्यानं एकही सोडलेला नाही.

बाबांना सांगितलं. "हं," म्हणाले. पण मान वळवून बघत होते.

३१ मार्च
सगळ्या भेगांत पुट्टी भरून झाली. कुशीतली सगळ्यात खोल होती, तीही गुळगुळीत. स्वतःवरच खूश!

१ एप्रिल
हसू की रडू! बाबा आपणहून म्हणाले, "बघू तुझं काम." नजर अधू झालीय, पण बोटं अजून वस्ताद. बरगड्यांवरून हात फिरवला. थांबले. परत फिरवला.

"इथली कुठं गेली?"

"भेग ना? बुजवली."

"अगं, भेग कसली! भाल्याची जखम ती! बरा केलास होय त्याला?"

आणि हसले! किती दिवसांनी! हसताना दुखत होतं, तरी हसत होते. "आज एक एप्रिल. शोभतेस!" मी कपाळावर हात मारला. रंग उडालेला, मळ साचलेला — मला ती लाकडाची भेगच वाटली होती.

३ एप्रिल
जखम परत उघडायची म्हणजे पटाशी लावायची. दोनदा लावली, दोनदा खाली ठेवली. लाकूडच ते! पण त्याचं तोंड माझ्याकडे होतं.

बाबा म्हणाले, "मार की. तेव्हाही कुणीतरी भाला मारलाच. तुझ्यामाझ्यासारखंच कुणीतरी असणार."

मारली. मीच. आपल्या पापांसाठी मेला, आपल्यासाठी मेला — लहानपणापासून तोंडपाठ आहे. आज हाताला कळलं. मी कुशीत लोखंड घालतेय आणि तो हात पसरून पडलाय, अडवत नाही. तिथंच बसून रडले. लाज कसली, इथं कोण वाचतंय!

बाबा छताकडे बघत म्हणाले, "क्रूसावरून खाली उतरता आलं असतं त्याला. मला उतरता आलं असतं, तर या खाटेवर क्षणभर राहिलो नसतो. आणि हा राहिला!"

असा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

५ एप्रिल
काल जखमेला लाल रंग दिला. बाबांनी खाट टेबलाला चिकटवून घेतली. सकाळी बघते तर त्यांची बोटं जखमेत!

"बाबा, रंग ओला आहे!"

"असू दे."

"दुखतंय का फार?"

"दुखतंय गं. पण त्याला ठाऊक आहे."

दुपारी फादर आले. बाबांनी स्वतःच त्यांना बसवलं, प्रार्थना म्हणवून घेतली. चहाचं मी साफ विसरले.

७ एप्रिल, गुड फ्रायडे
मूर्ती क्रूसावर चढली. जखमेच्या कडेला बाबांच्या बोटांचे ठसे आहेत, मी पुसले नाहीत. पाठीवरचे वळ परत भिंतीआड गेले. दिसत नाहीत, पण आहेत — आता माझी नजर तिथंच जाते.

८ एप्रिल
बाबा गेले. न चिडता, शांत. काका आंघोळ घालत होते. बोटांवरचा लाल रंग काही निघेना, म्हणून टर्पेंटाइन मागितलं.

मी म्हटलं, राहू दे काका. तेच दाखवायचंय बाबांना तिथं, त्याला.