चौकटीत न मावलेले पाय

बान नोंग सिम
५ मे

चि. केंग यास खामपुन मावशीचे अ. उ. आ.

पत्र का लिहिते ते तुला ठाऊक आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू नुसता हं हं करतोस. चाळीस वर्षं भोंग्यांच्या ट्रकवर उभी राहून फिनच्या तारा छेडल्या, कान त्यातच खर्ची पडले. त्याचं दुःख मी करत बसत नाही, तूही करू नकोस.

एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या सणाला आलास तेव्हा मिरवणुकीत फोन धरून आमच्या पुढेमागे पळत होतास. त्याचं बँकॉकला जाऊन काय केलंस ते शेजारच्या नोकने तिच्या फोनवर दाखवलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. फोन हाताच्या पंजात धरून मी ते तीनदा पाहिलं. खालून कसलीशी धपधप घातली आहेस, ती बोटांना लागली. पण तळ्याजवळच्या चिंचेखाली बायकांनी ट्रक अडवला, आपल्या ट्रकवाल्या प्रसानने इंजिन बंद करून पाय पसरले आणि अर्धा तास तिथून कुणी हललं नाही, ते कुठे आहे? त्या अर्ध्या तासात सगळ्यांच्या पुढे तुझी आई होती. गेली तीस वर्षं तीच पुढे असते. पोटच्या पोराने आईला कापून टाकलं, आणि वर तीन लाख लोकांनी पाहिलं म्हणून नोक मला अभिनंदन सांगते.

आणखी एक. तुझ्या त्या चित्रात सगळे कमरेपासून वर. हात हलतात, तोंडं हसतात. पाय कुठे आहेत? माणसं नाचताहेत की कुंपणावरून कुणाला हाका मारताहेत तेच कळेना.

आता कामाचं. तू सत्तावीस वर्षांचा झालास, अजून काही महिन्यांसाठीही भिक्खूचं चीवर घेतलं नाहीस. तुझी आई बुनलोम तोंडाने बोलत नाही, पण तुझं चीवर हातात घेऊन विहारापर्यंत चालायचं एवढीच तिची इच्छा आहे. तिचे गुडघे काही तुझ्या सवडीसाठी थांबणार नाहीत. आंबवलेल्या मासळीची बरणी पाठवली आहे. खोलीतल्या सोबत्यांना वास सहन होत नसेल तर सोबती बदल.

माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात ठेवून वाच.
तुझी मावशी
खामपुन

*

बँकॉक
१६ मे

ती. मावशीस केंगचा सा. न. वि. वि.

बरणी पोचली. सोबती बदलले नाहीत, पण जेवायच्या वेळी गॅलरीत जातात.

तुझी बोलणी वाचून हसलो आणि मग जरा लागलीही. मावशी, मी आईला कापलं नाही. हल्ली गाणं असंच ऐकतात. पहिल्या सात सेकंदांत माणसाला धरलं नाही तर त्याचं बोट पुढे सरकतं. पूर्वी गाणं चार मिनिटांचं होतं, मग तीनचं झालं, आता अडीचच्या आत आलंय. वेग मात्र वाढतोय. मुली गाणं आणखी पळवून त्यावर हातांचा नाच करतात, कारण फोनच्या चौकटीत हातच मावतात. हे मी ठरवलेलं नाही. मी कंपनीत दिवसभर बसून हेच कापतो आणि त्यातलं एखादं लाखो लोक नाचतात. मला ते आवडतं. त्यात लाज वाटावी असं मला काही दिसत नाही.

आता बातमी. मी जुलैत, भिक्खूंच्या पावसाळी वर्षावासाच्या आधी, चीवर घेतोय. तीन महिन्यांची रजा मिळाली. आईलाही फोनवर सांगितलं.

रजा मिळाली त्याला कारण आहे. साहेबांना तुझी फिन फार आवडली. चीवर घ्यायला घरून विहारापर्यंत जी माझी मिरवणूक निघेल, तिचं ते चित्रीकरण करणार आहेत. दिव्यांचा मोठा ट्रक ते आणतील. तू वर उभं राहायचंस. कानात एक बारीक यंत्र घालतील, त्यात ठोका टिकटिकत राहील, त्यावर वाजवायचं. गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं, तेच आठ-दहा वेळा, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंनी घेता येईल. हे जमलं तर परत आल्यावर मी नुसता कापणारा राहणार नाही, स्वतःची गाणी काढीन. पाच वर्षं याचीच वाट पाहतोय.

होकार कळव. माझ्यावरचा राग टिकटिकीवर काढू नकोस.
रागावलीस तरी आपला म्हणावंस असा
केंग

*

बान नोंग सिम
२४ मे

चि. केंग यास अ. उ. आ.

चीवर घेतोयस हे वाचून आज पाठीचं दुखणंही विसरले. बुनलोमचं गावभर सांगून झालं आहे. कुत्र्यांनाही कळलं असावं.

बाकीच्याला माझा नकार आहे, आणि तो नीट वाच, म्हणजे म्हातारी हट्टाला पेटली असं साहेबांना सांगत बसणार नाहीस.

मला नव्याचं वावडं नाही. बाविसाव्या वर्षी मी फिनला टेलिफोनमधलं चुंबक बसवून विजेवर वाजवली, तेव्हा माझ्या गुरूंनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. बाई असून फिन धरते आणि वर ती किंचाळायला लावते, म्हणून विहारात माझ्या आईला लोकांनी ऐकवलं. पायाखाली आवाज फाटवायची पेटी या तालुक्यात पहिली मी आणली. तुमची धपधपसुद्धा मला वाईट वाटली नाही, छातीत बसते. गेल्या वर्षी जुन्या तबकड्या जमवणारे दोघे आले होते. त्यांना मी चटईवर बसून, विजेशिवाय, आजीचं लुगडं नेसून वाजवायला हवी होते. त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. त्यांना मी पुरेशी जुनी नाही, तुम्हाला पुरेशी नवी नाही. मी या दोघांच्या सोयीसाठी जन्मले नाही.

माझा राग कापण्यावर आहे. आमच्या गाण्याला लांबी नसते रे. घरापासून विहारापर्यंत रस्ता जेवढा, तेवढं गाणं. बायकांना थांबावंसं वाटलं तर ट्रक थांबतो, गाणं थांबत नाही. कुणाची सून पहिल्यांदाच नाचायला उतरली तर तिची भीड चेपेपर्यंत आम्ही त्याच चार सुरांवर फिरत राहतो. सात सेकंदांत कुणाची भीड चेपली आहे? तुम्ही लोकांना नाचवत नाही, त्यांना नाचाचा नुसता वास देता.

आणि विचार कर. भिक्खूला गाणं, वाजवणं, नाचणं तिन्ही वर्ज्य. तीन महिने तुझ्या कानात काही जाणार नाही. विहाराच्या दारापर्यंत जे वाजेल ते तुझं शेवटचं गाणं. ते तू मोजून मागतोस, आणि तेही चित्रासाठी दहादा तुकड्यांत? तसंच हवं असेल तर दिव्यांच्या ट्रकवर पेन ड्राइव्ह लाव. मी पंगतीला येईन, चिकट भात वाढीन, ट्रकवर चढणार नाही.

प्रकृतीला जप आणि माझं म्हणणं एकदा रिकाम्या पोटी वाच.
तुझी मावशी
खामपुन

*

बँकॉक
२ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

वाचलं. रिकाम्या पोटी वाचलं आणि भरल्या पोटीही.

तू भाषण छान केलंस, पण खरं ते लिहीत नाहीस. पलीकडच्या गावात या वर्षी पाच मिरवणुका झाल्या, पाचही पेन ड्राइव्हच्या ट्रकने नेल्या. नोकच्या भावानेही त्याच्या मिरवणुकीला तुला बोलावलं नाही. जग पुढे गेलंय, तू चिंचेखाली थांबली आहेस, आणि त्याला तू तत्त्व म्हणतेस. कानात बोटाएवढं यंत्र घालायला काय जातं? मला तर वाटतं तू घाबरतेस. ठोक्यावर वाजवता आलं नाही तर लोक काय म्हणतील, याला.

एवढी एक गोष्ट मी आयुष्यात तुझ्याकडे मागितली होती.
केंग

*

बान नोंग सिम
११ जून

चि. केंगला आईचे अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, चुका पोटात घाल. तुझं पत्र खामपुनताईने मला दाखवलं नाही, तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. भात करताना सापडलं.

तू तिला घाबरट म्हणालास. बाळा, तिला ऐकू येत नाही. फोनवर निम्मं येत नाही म्हणते ना, ते तुझ्यासाठी म्हणते. तीन वर्षं झाली, एका कानाने काहीच नाही आणि दुसऱ्याने गडगडाट तेवढा. ट्रकवर उभी राहून ती माझे पाय बघते. मी टाच टेकली की तिची तार पडते, मी भरभर गेले की ती भरभर. म्हणून मी पुढून हलत नाही. प्रसानला आणि मला ठाऊक आहे, आणखी कुणाला नाही. तुझी टिकटिक ती कशात ऐकणार?

हे मी सांगितलं असं तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. पण तू तिच्याशी असं बोललेलं मला सहन होत नाही. लहानपणी तुला ताप आला की तीच मांडीवर घ्यायची, कारण मी शेतावर असायचे.

जेवत जा.
आई

*

बँकॉक
२६ जून

ती. मावशीस केंगचा शि. सा. न. वि. वि.

आईवर रागावू नकोस. तिने मला सांगितलं. तुझ्या पायाशी बसून माफी मागायची आहे, तोवर कागदावर घे.

परवा साहेबांना सांगितलं की मिरवणूक आमची आहे, ट्रक आमचा असेल आणि कॅमेरा नको. मावशीचे कान मी सांगितले नाहीत, ते सांगून सूट मागितली असती तर तुला आवडलं नसतं. एवढंच म्हणालो की गाणं रस्त्याएवढं आहे आणि तुमच्या चौकटीत पाय मावत नाहीत. ते म्हणाले, मग रजेवरून परत यायची घाई करू नकोस. पाच वर्षांनी मी टेबलाचा खण रिकामा केला. रडलो थोडा, खोटं कशाला बोलू. पण जिना उतरताना त्यांच्याच गाण्यावर मी पायऱ्या मोजत होतो आणि ते गाणं तळमजल्याच्या आधीच संपलं.

एक अडचण आहे आणि ती तुलाच ठाऊक असणार. त्या दिवशी आई चीवर घेऊन चालणार, म्हणजे ती नाचायला पुढे नसेल. मग तू कुणाचे पाय बघशील? दुसरं कुणी हवं असेल तर सांग, मी त्यांच्या पाया पडतो. आणि वाजवणं नकोच वाटलं तर तसं सांग. मी शांतपणे चालत जाईन, पेन ड्राइव्ह लावणार नाही.

मायेतून मला वगळू नकोस.
तुझा केंग

*

बान नोंग सिम
३० जुलै

पूज्य भन्ते केंग यांच्या चरणी खामपुनचा सा. न. वि. वि.

ज्याला मी परातीत बसवून आंघोळ घातली त्याच्या पाया पडून पत्र सुरू करायची वेळ आली. आता आपण म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. दोन ओळी प्रयत्न करते. आपली प्रकृती ठीक असावी. पहाटे भिक्षेला निघताना आपले अनवाणी पाय जपावेत. झालं, संपलं, मला जमत नाही. बुद्ध मला माफ करतील, तू नाही केलंस तरी चालेल.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. कुणाचे पाय बघणार ते मलाही ठाऊक नव्हतं. बुनलोमशी मी चार दिवस बोलले नाही, पाचव्या दिवशी तिच्याकडेच मिरची मागायला गेले. आम्ही तो विषय काढला नाही.

मिरवणुकीत तू पुढे होतास, मामांच्या खांद्यावर, डोकं भुवयांसकट तुळतुळीत, हात जोडलेले. तुला मागे वळून बघायची सोय नव्हती, म्हणून मी जे बघितलं ते लिहून ठेवते. तुझी आई तुझ्या मागे, छातीशी चीवर धरून सरळ चालत होती. मी ट्रकवर तयार होते, पण बोटं हलेनात. नोक आणि तिच्या मैत्रिणी उतरल्या खऱ्या, पण त्या हातांनीच नाचत होत्या आणि पायांना काही सांगतच नव्हत्या. चिखल, गर्दी, मला काही दिसेना. घरापासून चाळीस पावलांवर सगळी मिरवणूक आवाजाशिवाय उभी. तेव्हा बुनलोमने वळून माझ्याकडे पाहिलं. चपला काढल्या आणि रस्त्याच्या कडेला भिरकावल्या. चीवर तसंच छातीशी, हात जराही हलवले नाहीत, आणि चिखलात टाच टेकली.

तू ऐकलंस, मला नाही ऐकू आलं. पण मी वाजवलं. ती पाठमोरी चालायची, वळायची, मला टाच दाखवायची, पुन्हा वळायची. चिंचेखाली तिने ट्रक अडवला. प्रसानने इंजिन बंद केलं. ते गुडघे, केंग, जे जिना चढत नाहीत. नोक खाली बघून तिच्यासारखी टाच टेकायला लागली, मग दुसरी, मग सगळ्या. एका मुलीने फोन वर धरला होता, तो तिने कमरेला खोचला. दीड किलोमीटरला दोन तास चाळीस मिनिटं लागली. तुझ्या साहेबांना मोजायची हौस आहे, म्हणून हे प्रसानकडून मोजून घेतलं. हवं तर कळव.

विहाराच्या दारात ट्रक थांबला, मी तार सोडली आणि तू आत गेलास. बुनलोम तिथेच पायरीवर बसली. तिला उठवायला तिघे लागले.

भिक्खूंनी नोकरीची चिंता करायची नसते, ती मी करते आहे. प्रसान म्हणतो, भोंगे जुने झाले, आवाजाची जाण असलेला कुणी हवा. पगार विचारू नकोस. ऑक्टोबरात चीवर उतरवलंस की सांग. धपधप घेऊन आलास तरी चालेल, रस्ता लांब आहे, मावेल.

या पत्राला उत्तर नको, तुला वर्षावास आहे. मी मात्र दर आठवड्याला लिहीन, वाचलंस की जाळ. तुला गाणं ऐकायची मनाई आहे आणि मला ते ऐकू येत नाही. तीन महिने आपण दोघं बरोबरीत आहोत. मी रोज तारा लावून ठेवते आणि बुनलोम शेकायला पाय माझ्या समोर पसरून बसते.

आशीर्वाद आता तू द्यायचास, माया मात्र माझ्याकडूनच येत राहील.
खामपुन