दवंडीच्या जागी

३ फेब्रुवारी
भाषांतर विभागाकडून काम आलं. निवृत्त झाले तरी त्यांना माझी आठवण येते, कारण मी स्वस्तात पडते. राज्याच्या जुन्या कायद्यांतले कालबाह्य झालेले तांत्रिक शब्द शोधायचे, पर्याय सुचवायचे. तार, ट्रंक कॉल, फॅक्स. एका नियमात चक्क पेजर! कोणी घुसवला असेल? त्या वेळी केवढा मिरवला असेल तो. मजा येतेय.

५ फेब्रु.
तारेची विल्हेवाट लावली. फॅक्सही गेला. अडले ती जमिनीच्या नियमात. 'गावात दवंडी पिटवून नोटीस प्रसिद्ध करावी.' विभागातल्या साहेबांनी समासात आधीच लिहून ठेवलंय, 'संकेतस्थळावर व अर्जदाराने नोंदवलेल्या मोबाइलवर.' ठीकच आहे. पण दवंडी म्हणजे नक्की काय काय व्हायचं? मी डोंबिवलीत वाढलेली, एकदाही ऐकलेली नाही. उद्या वनिताला विचारायचं.

६ फेब्रु.
वनिता माझी सकाळच्या फिरण्यातली जोडीदार. माहेर शीळफाट्याजवळ, भातशेतीचं घर. म्हणाली, "आमच्याकडे थाळी वाजवायचे गं. आई भाकरी तव्यावर सोडून बाहेर पळायची. मग दिवसभर गावात तीच चर्चा, कोणाची जमीन, कोणाचं नाव."
भाकरी करपायची का, ते विचारायचं राहिलंच.

८ फेब्रु.
संकेतस्थळावरची नोटीस सामान्य माणसाला सापडते का, बघू म्हटलं. खेडं माहीत असलेलं एकच, वनिताचं. सगळी सकाळ गेली, पण सापडली एक. वाचली आणि गारच पडले. व.च्या वडिलांची जमीन. गेल्या वर्षी वारले ते. वारस म्हणून एकच नाव, मुलाचं. व. कुठेच नाही. हरकत घ्यायला थोडेच दिवस उरलेत.
सांगू की नको? माझं काम शब्द बदलायचं, घरं फोडायचं नाही.

९ फेब्रु.
सांगितलं. बागेतल्या बाकावर बसली. आधी दादाचीच बाजू घेतली, "चुकून राहिलं असेल." मग तिथूनच फोन लावला. चिडली की गावची भाषा येते तिच्या तोंडात. "दादा, मना कोनी सांगलं का नाय?... मंग आता भाऊबीजेला येऊ का नको?"
फोन ठेवून म्हणाली, "म्हणतो, नाव असलं काय न् नसलं काय, घर तुझंच आहे." अर्ज दादाचा, नंबर दादाचा, मेसेजही दादालाच. साहेबांचं समासातलं वाक्य आठवलं आणि संताप आला.

११ फेब्रु.
हरकतीचा अर्ज लिहून दिला. व.ने पर्समध्ये ठेवला. सही केली नाही. "हा दिला की माहेर संपलं बघ."
मग आपणहून म्हणाली, "थाळी वाजली असती ना, तर दादाची हिंमतच झाली नसती. काकीने भर रस्त्यात विचारलं असतं, वनीचं नाव कुठंय रे?"
म्हणजे दवंडी ज्याची जमीन त्याच्यासाठी नव्हतीच. बाकीच्यांसाठी होती! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

१२ फेब्रु.
साहेबांना फोन. म्हटलं, मोबाइल घाला, पण दवंडी काढू नका. हसले. "बाई, आता वाजवणारा कुठून आणू? बरं, कारण द्या लेखी, दोन ओळीत. उद्याच." कारण ठाऊक आहे, पण सरकारी मराठीत बसत नाही. 'काकीला कळावे म्हणून' असं कसं लिहू?

१३ फेब्रु.
हरकतीचा शेवटचा दिवस. व. सकाळीच गावाला गेली. मी कारण लिहायला बसले, काही सुचेना. दुपारी तिचा फोन. मागे नुसता गलका.
"अगं, मी वाजवली."
"काय?"
"थाली! आईचीच. अंगणान उभी राहिली न् मोठ्यानं सांगलं, बाबांचे जमिनीवर एकच नाव चढतंय, कोनाला काय बोलायचं असंल तर बोला. सगली आली बघ. काकी तर पिठाच्या हातानं आली."
मला हसू आणि रडू एकदमच.
"आणि दादा?"
"आत हाय. दार लावून."
"अर्ज?"
"पर्समधी. ऑफिस उघडं हाय अजून. आधी त्याला भायेर येऊ दे."
फोन तिने बंद केला नाही. कोणी म्हातारी दारावर थापा मारत होती, काकीच असणार. "जना, भायेर ये रं! वनीचं नाव कुठं हाय?"
कारणाच्या दोन ओळी अजून कोऱ्याच. फोन कानाशी धरून डाव्या हाताने हे लिहितेय. दार अजून उघडलेलं नाही.