इटलीतला बांध

बाबा, तुमच्याशी मी एकदा धडधडीत खोटं बोलले होते. तुम्ही गेलात त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, तरी ते खोटं काही मला सोडत नाही. आज सुट्टी आहे, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आई गेल्यावर मी तुम्हाला हट्टानं जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आणलं. तीन महिन्यांचा व्हिसा, तीन महिन्यांचं तिकीट. आणि तिसऱ्याच आठवड्यात तुमचं सुरू झालं, "तिकीट बदल गं. लेकीच्या घरी इतके दिवस मुक्काम बरा दिसत नाही. जावईबापू बोलत नाहीत, पण लोक काय म्हणतील?" कुठले लोक, बाबा? तुम्हाला तिथं ओळखत कोण होतं? सगळा जन्म तलाठी म्हणून गावोगाव हिंडलेले तुम्ही, जिन्यात दिसेल त्याला मराठीत "काय, कुठं निघालात?" म्हणून थांबवायचात. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, तुझ्या वडिलांची माझ्याबद्दल काही तक्रार आहे का? मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्हीच भडकलात. "तक्रार कसली? विचारपूस आहे ती! या इमारतीत एखादा मेला तर वासावरूनच कळायचं."

म्हणून मग इटली. ती माझी लाच होती, आज कबूल करते. चार दिवस फिरवलं की माणूस खूश होईल आणि तिकिटाचं विसरेल, असा माझा हिशोब. पण तुम्हाला ना पाण्यातलं शहर बघायचं होतं ना तो कललेला मनोरा. "पडका मनोरा बघायला एवढं पेट्रोल कशाला? एखादं खेडं असेल तर दाखव." तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते. ब्रेनरचा घाट ओलांडून, कागदी नकाशावर बोट ठेवत, डब्यातल्या दशम्या खात आपण निघालो. तुमचे जावई गाडी चालवताहेत, मी रस्ता चुकवतेय, आणि तुम्ही मागच्या सीटवरून प्रत्येक शेताला नावं ठेवताय.

डोंगराच्या कुशीत चौदा-पंधरा घरं, एक चर्च, एक नळ. तुम्ही गाडीतून उतरलात, कमरेवर हात ठेवलेत आणि म्हणालात, "हे गाव नव्हे, ही वाडी. घरं वर, शेती खाली. पाणी बघ कसं नीट उतरवलंय." आई गेल्यापासून पहिल्यांदा तुमचा चेहरा जरा उजळलेला दिसला आणि मला रडूच यायला लागलं.

द्राक्षांच्या मळ्याजवळ एक म्हातारा बसला होता. तरुणपणी जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यात राबलेला, त्यामुळे त्याला जर्मन येत होतं. राम राम नाही, नमस्कार नाही, तुम्ही थेट, "विचार त्याला, सातबारा कुणाच्या नावावर आहे?" मी लाजत लाजत विचारलं, माझे वडील म्हणतात, कागदावर ही जमीन कुणाची? म्हातारा ताडकन उठलाच. पलीकडे चुलतभावाचा मळा, आणि मधल्या बांधावरून दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद! मी हे सांगितलं मात्र, तुम्हाला कोण आनंद! "भाऊबंदकी! अगं, मग ही आपलीच माणसं की!"

पायजमा वर खोचून तुम्ही बांधावरून पावलं टाकत गेलात. टोकाच्या दगडाशी उकिडवे बसलात, बुडाची माती चिमटीत चोळलीत. "हा दगड मूळ जागचा नाही. याच्या हद्दीत सरकवलाय. सांग त्याला." मी सांगितलं. त्यानं तुम्हाला कवटाळलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. तुम्ही रुमालानं गाल पुसत म्हणालात, "असू दे. न्याय मिळाला की माणसाला सुचत नाही."

मग त्याच्या अंगणात पाव, चीज, टोमॅटो. आपली लसणाची चटणी खाऊन तो खोकतोय, हसतोय, आणखी मागतोय. आणि अचानक तुम्ही म्हणता, "याला विचार, यांच्यात लेकीच्या घरी किती दिवस राहिलेलं चालतं?"

विचारावं तर लागलंच, आणि विचारताना तिकिटाचा वादही सांगावा लागला. म्हातारा हात नाचवत चांगली पाच मिनिटं बोलला. त्याचं खरं बोलणं आज सांगते. "माझी मुलगी म्युनिकला असते. लाखात एक पोर आहे. पण तिच्याकडे पंधरा दिवस झाले की मी नुसता जिना चढउतार करत बसतो. तुझ्या बापाला घरी जाऊ दे, पोरी. उद्याच तिकीट बदल. यात तुझं काही चुकलेलं नाही."

आणि मी तुम्हाला सांगितलं, "तो दरवर्षी तीन महिने मुलीकडे राहतो. इकडे रीतच आहे म्हणे."

तुमचे जावई जोरात खोकले आणि डोंगर बघायला लागले. तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत. "एवढं बोलला, आणि अर्थ एवढाच?"

"जर्मन भाषाच लांबलचक आहे, बाबा."

"बरं मग," तुम्ही म्हणालात. "इथली रीतच असेल तर आपण का मोडा?"

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. उरलेले सगळे दिवस तुम्ही राहिलात. संध्याकाळी मी कारखान्यातल्या कामावरून आले की बाल्कनीतून तुमचा आवाज यायचा, "आलीस का गं? चहा टाकू?" सगळ्या इमारतीला ऐकू जायचा. पुढच्या हिवाळ्यात गावच्या घरी झोपेतच तुम्ही गेलात, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तुम्ही एकटे पडाल म्हणून ठेवून घेतलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तुम्हालाही तेच सांगितलं होतं. हे पत्र पाठवायचं नाही, तेव्हा खरं लिहायला काय हरकत आहे? बाबा, तुम्ही तिथं कंटाळला होतात, हे मला दिसत होतं. एकटी मी पडले होते.